भिंगाला गोधडी : टेलिफोटो लेन्सच्या आवरणाच्या नोंदी

शनिवार, 9 नोव्हेंबर 2024

दिवाळीच्या आधीच्या रविवारी कवडीपाटला गेलो होतो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाल्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेच्या काठावर हे ठिकाण लागते, आणि पाण्यावर फेस व प्लॅस्टिक तरंगत असले तरी हिवाळी पाणपक्ष्यांनी ते अजून सोडलेले नाही. चक्रवाकांची एक जोडी समोरच्या खडकावर बसली होती. बाभळीच्या आडोशाला मी पंधरा मिनिटे न हलता बसलो, पण लेन्स उचलून डोळ्याला लावायला आणि जोडी ओरडत उडायला एकच गाठ पडली. पलीकडे थांबलेल्या मित्राने नेमक्या त्याच वेळी मोबाइलवर माझे छायाचित्र काढले होते. त्यात माझा मातकट शर्ट, बाभूळ आणि काठावरचे गवत एकमेकांत मिसळून गेलेले दिसते आणि मधोमध लेन्स तेवढी दुधाच्या बाटलीसारखी उठून दिसते.

माझी लेन्स कॅननची ईएफ 100-400 मिमी, दुसऱ्या आवृत्तीची आहे. कॅनन आपल्या मोठ्या लेन्सना पांढरट रंग देते त्यामागे उन्हाचे कारण आहे: पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि नळी व आतील भिंगे कमी तापतात. पक्ष्यांसमोर मात्र हाच रंग अडचणीचा ठरतो. तयार आवरणे बाजारात मिळतात, पण मी पाहिलेल्या बहुतेकांवर ओकची पाने किंवा पाइनची साल छापलेली होती. दिवाळीनंतर पिवळ्या पडणाऱ्या आपल्या माळरानावर असल्या हिरव्या-काळ्या छाप्याचा काय उपयोग, हा प्रश्न पडल्याने आवरण घरीच करायचे ठरवले आहे. त्याने लेन्सची चकाकी व बाह्यरेषा मोडावी, ती कशावर आपटली तर आवाज होऊ नये, आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता बोटांना सगळ्या रिंगा व बटणे सापडावीत, एवढ्या अपेक्षा आहेत. यातली शेवटची सर्वांत अवघड जाईल असे वाटते.

रविवार, 10 नोव्हेंबर

आज केवळ मापे घेतली. लेन्स बंद स्थितीत 193 मिमी लांब असून तिचा सर्वाधिक व्यास 94 मिमी आहे, म्हणजे त्या जागी घेर साधारण 295 मिमी येतो. ट्रायपॉडला जोडण्याचा लेन्सचा पाय वगळून वजन 1570 ग्रॅम आहे. हा घेर सगळीकडे सारखा नसल्यामुळे एकच नळी शिवून चालणार नाही. कॅमेऱ्याच्या बाजूने निघाले तर आधी ट्रायपॉडची कॉलर (हा पाय ज्या कड्याला असतो ते), मग बटणांची पट्टी, मग फोकसची रिंग, तिच्यापुढे झूम घट्ट-सैल करण्याची अरुंद रिंग, त्यापुढे झूमची रुंद रिंग आणि शेवटी हूड, म्हणजे भिंगावरचे तिरपे ऊन अडवणारे कडे, असा क्रम आहे. झूम फिरवला की पुढची नळी हुडासकट बाहेर सरकते. त्या सरकत्या नळीवर काहीही चढवले तर ती परत आत जाणार नाही, म्हणून तो भाग उघडाच ठेवावा लागेल.

वर्तमानपत्राचा कागद प्रत्येक भागावर गुंडाळून पेन्सिलीने कडा आखल्या आणि पाच तुकडे कापले. आतल्या थरासाठी कार्यालयातून सोबत आलेली लॅपटॉपची दोन जुनी निओप्रीनची पाकिटे वापरणार आहे. त्यांची जाडी व्हर्नियरने मोजली तेव्हा 3 मिमी भरली. निओप्रीन हे बंद कप्प्यांचा फेस असलेले कृत्रिम रबर आहे. कप्प्यांत वायू अडकलेला असल्याने ते धक्का झेलते, पाणी पीत नाही आणि ताणून सोडले की पूर्वपदावर येते. ते ताणले जाते हे ध्यानात घेऊन घेरापेक्षा पाच टक्के कमी, म्हणजे 295 च्या जागी 280 मिमी कापायचे ठरवले. ही पाच टक्के कपात कुठल्या सूत्रातून आलेली नाही. पाकिटाची एक पट्टी लेन्सवर ओढून, ती घसरत नाही आणि रिंगेला आवळतही नाही अशी जागा शोधली, एवढेच.

शनिवार, 16 नोव्हेंबर

सकाळी रविवार पेठेत गेलो. टपरीवजा दुकानांत 'मिलिटरी प्रिंट' म्हणून जे कापड मिळते ते मी बाजूलाच ठेवले. सैन्याच्या नव्या लढाऊ गणवेशाचा छापा 15 जानेवारी 2022 च्या सेनादिनी लोकांसमोर आला आणि त्याची बाहेर विक्री होऊ नये यासाठी सैन्याने त्याच्या संरचनेचे हक्कही नोंदवून घेतले. त्याच्याशी साधर्म्य असलेले कापड लांबलचक नळीवर गुंडाळून धरणाच्या काठाने हिंडायचे आणि मग पहारेकऱ्याला खुलासे देत बसायचे, ही हौस मला नाही.

कापडाच्या दुकानात एक गोष्ट डोळ्यांनी पाहायला मिळाली. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यांत तीनच. चौथ्या प्रकारामुळे अनेक पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. बाजारात येणाऱ्या शुभ्र कापडात आणि बहुतेक धुण्याच्या पावडरींत जी झळाळी आणणारी द्रव्ये असतात ती अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे आपल्याला साधे खाकी वाटणारे कापडही पक्ष्याला वेगळे दिसण्याचा संभव राहतो. गल्ल्यावर नोटा तपासण्याचा जांभळा दिवा होता. दुकानदारांची परवानगी घेऊन मी कापडाचे तुकडे एकेक करून त्याखाली धरले. खाकी ड्रिलच्या कडेची शिवण निळी पेटली, पांढरी नाडी तर ट्यूबलाइटसारखी उजळली, आणि न धुतलेले, पिवळट मांजरपाट मात्र मख्ख राहिले. "घ्या, आज मांजरपाट पास झालं," असे म्हणत दुकानदारांनी दीड मीटर मोजून दिले. मग किराणा व काष्ठौषधींच्या दुकानांतून हिरड्याची पूड, काथ आणि हिराकस (लोहाचा हिरवट क्षार) घेतला.

हरणांच्या बाबतीत हा हिशोब निराळा आहे. चितळासारख्या खूरवाल्या प्राण्यांना दोनच प्रकारच्या शंकुपेशी असल्याने नारिंगी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, आणि वाघाचा नारिंगी रंग त्यांच्यापासून लपतो तो यामुळेच. मला मुख्यतः पक्षी टिपायचे असल्याने ही सवलत माझ्या कामाची नाही.

रविवार, 17 नोव्हेंबर

मांजरपाटाची खळ काढण्यासाठी ते रिठ्याच्या पाण्यात उकळून घेतले. धुण्याची पावडर मुद्दाम टाळली. कालच रात्री भिजत घातलेल्या हिरड्याच्या पाण्यात ते तासभर बुडवले आणि न पिळता गच्चीवर वाळवले. हिरड्यातील टॅनिनमुळे कापडाला फिकट पिवळा रंग येतो. वाळलेले कापड हातात घेतले तेव्हा तो रंग नेमका डिसेंबरातल्या पवन्या गवताचा निघाला, आणि पायाचा रंग म्हणून मी तो तसाच ठेवला.

त्यावर दोन रंग चढवायचे होते. काथ गरम पाण्यात दाट विरघळवून स्पंजने त्याचे ओबडधोबड डाग दिले, ते तपकिरी उमटले. चुन्याचा अंशही तिथे नको याची काळजी घेतली, कारण काथाला चुना लागला की पानाच्या पिंकेचा लाल रंग आलाच म्हणून समजावे. नंतर हिराकस पाण्यात विरघळवून जुन्या दाढीच्या ब्रशाने फटकारे मारले. हे पाणी फिकट हिरवे असते, परंतु हिरडा लागलेल्या कापडाला ते टेकताच डोळ्यांदेखत राखाडी होते आणि दोन मिनिटांत पाटीसारखे काळसर पडते, कारण लोह आणि टॅनिन यांचा संयोग होऊन जी शाई बनते तीच इथे धाग्यात बनत असते. काथाच्या डागावर हिराकस पडला तिथे शेवाळी छटेचा चौथा रंग आपोआप मिळाला. हा भाग मी दोनदा-तीनदा अकारण केला हे मान्य करतो. त्यात मौज होती. लोहामुळे सुती धागा कालांतराने कमकुवत होतो हे माहीत असल्याने हिराकसाचे प्रमाण मात्र कमी ठेवले. रबरी हातमोजे वापरले आणि पातेले कायमचे वेगळे काढले. "त्या पातेल्यात पुन्हा आमटी करायची नाही," असा घरातून हुकूम झाला आहे आणि तो रास्त आहे.

डाग देताना एक तत्त्व पाळले. अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर याने 1896 मध्ये मांडले की अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिके असते, त्यामुळे वरून पडणाऱ्या उजेडाने निर्माण होणारा गोलाईचा भास पुसला जातो आणि प्राणी सपाट दिसतो. आपल्या चिंकाऱ्याचे अंग याच पद्धतीचे आहे. म्हणून लेन्सच्या वरच्या बाजूला येणाऱ्या पट्ट्यावर काथ-हिराकसाचे डाग दाट दिले आणि खालचा पट्टा जवळजवळ नुसता हिरड्याचा ठेवला. खालून माझा पंजाच लेन्सला आधार देत असणार, तेव्हा या शहाणपणातला निम्मा भाग हाताखाली झाकला जाणार हे उघड आहे.

बुधवार, 20 नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुटी होती. सकाळी रांग कमी असतानाच मत देऊन आलो आणि बोटाची शाई वाळते न वाळते तोच गोंद लावायला बसलो. चपलांच्या दुरुस्तीत वापरतात ते 'सोल्युशन' निओप्रीनला आणि कापडाला वेगवेगळे लावून, दहा-बारा मिनिटे हाताला चिकटेनासे होईपर्यंत वाळू दिले आणि मग दोन्ही थर एकमेकांवर दाबले. चिकटले पक्के, पण हाती आला तो पुठ्ठा. गोंद कापडात उतरल्याने रंग दोन छटांनी गडद झाला, वाकवले की करकर आवाज येऊ लागला आणि निओप्रीनचा ताण पार नाहीसा झाला. शिवाय त्या वासाने दिवसभर डोके दुखले. पाचांपैकी दोन तुकडे वाया गेले.

चूक गोंदाची नव्हती. निओप्रीन चारही बाजूंना ताणले जाते आणि मांजरपाट उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेला मुळीच ताणले जात नाही, हे मी मापे घेताना लक्षात घ्यायला हवे होते.

रविवार, 24 नोव्हेंबर

दोन्ही थर घेऊन आत्याकडे गेलो. तिच्या घरी चाळीस वर्षांचे पायाचे शिवणयंत्र आहे आणि नातवंडांसाठी गोधड्या शिवणे तिने अजून सोडलेले नाही. तिने कापड बोटांत धरून तिरके ओढले आणि माझ्याकडे पाहिले.

"अरे, उरेब काप की. ब्लाउजच्या पट्ट्या कशा कापतात, पाहिलं नाहीस कधी?"

उरेब म्हणजे धाग्याच्या दिशेला 45 अंशांच्या कोनात कापलेले कापड. या दिशेला विणीचे चौकोन तिरके होऊन सरकतात, म्हणून सुती कापडही ताणले जाते. आत्याने गोंदाचा विषयच संपवला आणि गोधडीसारखा धावदोरा घालायला सांगितले. दोन ओळींत बोटाचे एक पेर अंतर, टाका लांब आणि दोरा किंचित सैल, म्हणजे पट्टी ताणली तरी दोरा तुटत नाही. काळ्या निओप्रीनवर तिने एक ओळ घालून दाखवली. टाक्याटाक्याला कापड बारीकसे फुगले आणि टाका बसला तिथे दबले. खिडकीतले ऊन त्यावर आडवे पडल्यावर त्या उंचवट्यांची आपली-आपली छोटी सावली पडलेली दिसली, आणि सपाट कापडावर जो एकसलग उजेड पसरत होता तो तुटून गेला. हे माझ्या मनातही नव्हते. छापील आवरणात छाप्याचा रंग असतो पण पृष्ठभाग गुळगुळीतच असतो. इथे पृष्ठभागच खडबडीत झाला आणि माझ्या मते रंगापेक्षा याचाच उपयोग जास्त होईल.

दोऱ्याचा रंग कोणता, यावर थोडा वाद झाला. आत्याला लाल हवा होता, कारण लाल दोऱ्याशिवाय गोधडीला शोभा नाही. शेवटी हिरड्यात भिजवलेला सुती दोरा ठरला. ती खूश नाही.

शनिवार, 30 नोव्हेंबर

आठवडाभर रात्री तासभर बसून धावदोरा पूर्ण केला. आज पट्ट्यांची टोके जोडून नळ्या केल्या. निओप्रीनच्या कडा एकमेकींवर चढवल्या तर आत गाठीसारखी वळी येते, म्हणून कडा समोरासमोर ठेवून यंत्रावर झिगझॅग टाका घातला. सरळ टाका ताण पडताच उसवतो. यंत्राच्या फुटाखाली निओप्रीन चिकटून पुढे सरकेना, तेव्हा वर-खाली वर्तमानपत्राचा कागद घालून शिवले आणि मग कागद फाडून काढला. सुई सोळा नंबरची वापरली.

बटणांच्या जागी चौकोनी खिडकी ठेवून तिच्यावर वेल्क्रोचे झाकण लावले. ट्रायपॉडच्या पायासाठी खालून चीर ठेवली. स्वयंपाकघरातील काट्यावर पाचही तुकड्यांचे वजन 96 ग्रॅम भरले.

रविवार, 8 डिसेंबर

कवडीपाटला पहिली चाचणी झाली आणि आवरणाने दोनदा दगा दिला.

शेकाट्यांचा थवा उथळ पाण्यात चरत होता. 100 मिमीच्या रुंद चौकटीतून 400 मिमीच्या जवळच्या दृश्याकडे जायला झूम फिरवला तर तो मध्येच जड झाला आणि पुढे सरकेना. लेन्स बिघडली की काय या शंकेने पोटात गोळा आला. पाहतो तो झूमच्या पट्टीची मागची कड दोन-तीन मिमी पुढे येऊन घट्ट-सैल करणाऱ्या रिंगेवर चढली होती, त्यामुळे झूम फिरवताना तीही सोबत फिरून 'घट्ट'च्या टोकाला पोचली होती. कागदी नमुन्यात माप बरोबर होते, परंतु ताणून बसवलेली पट्टी वापरात सैलावून रुंदीला पसरते हे मी धरले नव्हते.

दुसरा प्रकार वेल्क्रोचा. उडत्या पक्ष्यांसाठी स्थिरीकरणाची (हात हलला तरी चित्र न हलू देणाऱ्या सोयीची) पद्धत बदलावी म्हणून झाकण उघडले, तो 'चर्रर्र' असा आवाज पाण्यावर घुमला आणि आठ-दहा पावलांवर चरणारा धोबी पक्षी शेपूट हलवत निघून गेला. सबंध प्रकल्प आवाज टाळण्यासाठी करायचा आणि त्यात स्वतःच्या हाताने वेल्क्रो शिवायचा, याला काय म्हणावे?

शनिवार, 14 डिसेंबर

झूमची पट्टी दोन्ही कडांनी मिळून 3 मिमी कमी केली, आणि ती सरकू नये म्हणून आतून सायकलच्या जुन्या ट्यूबची अरुंद कडी शिवली. रबरावर रबर बसल्याने ती आता जागची हलत नाही. वेल्क्रो उसवून टाकला. टिचबटणाचाही टक्कन आवाज होतो, म्हणून झाकणाच्या टोकाला साधे इलॅस्टिक लावून ते खालच्या पट्टीत खोचण्याची सोय केली. बटणांची जागा बोटांना कळावी यासाठी खिडकीच्या वरच्या कडेला दोऱ्याची एक जाड गाठ मारली आहे. अंगठा गाठीवर आला की त्याखालचे पहिले बटण ऑटोफोकसच्या अंतराचे, हे डोळे मिटून दहा वेळा करून पाहिले.

एक अडचण सुटली नाही. बॅगेत ठेवताना हूड उलटा करून लेन्सवर बसवतात, तो आता झूमच्या पट्टीला अडतो. हूड वेगळा ठेवावा लागेल.

शनिवार, 28 डिसेंबर

भिगवण. पहाटे चारला निघून उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावला पोचलो. यंदा धरण भरलेले असल्याने पाणी अजून काठापर्यंत होते आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्षी थोडे होते. पाणी ओसरून दलदल उघडी पडली की ते वाढतात. पट्टकादंब हंस मात्र दोनशे पावलांवर चरत होते.

होडीवाल्या काकांनी आवरण निरखून पाहिले, बोटाने टाके चाचपले आणि म्हणाले, "गोधडी झ्याक हाय साहेब. पर पाखरू कापडाला भीत न्हाई, हाताला भितंय. तुमी आदीच डोळ्याला लावून बसा, मी नेतो होडी."

तसे केले. लेन्स आधीच गुडघ्यावर टेकवून डोळ्याला लावली आणि त्यांनी बांबूने हळूहळू होडी पुढे ढकलली. पूर्वी ज्या अंतरावर पट्टकादंब माना वर करत, त्याच्या बरेच आत गेलो तरी दोघेतिघेच पाहत होते आणि बाकीचे चरत राहिले. यातला आवरणाचा वाटा किती आणि काकांच्या बांबूचा किती, हे वेगळे काढता येणार नाही, आणि काढायचेच झाले तर बांबूच्या पदरात जास्त पडेल. एकदा होडीच्या कडेवर लेन्स जोरात आदळली तेव्हा नुसता 'भप्' असा दबका आवाज झाला. पूर्वी असा आपट बसला की जवळचा राखी बगळा हमखास उडायचा. झूम अडला नाही आणि गाठ अंगठ्याला प्रत्येक वेळी सापडली.

रविवार, 12 जानेवारी 2025

कडबनवाडीच्या माळावर वनविभागाच्या गवताळ सफारीला गेलो. चिंकारे, धाविक पक्ष्यांची एक जोडी आणि दूरवर एक खोकड दिसले. आवरणाचा रंग गवताशी इतका जुळला की मागच्या आसनावर ठेवलेल्या गवती टोपीखाली लेन्स मलाच क्षणभर दिसली नाही. पण इथे माणूस गाडीतून उतरत नाही, आणि गाडीची सवय झालेले प्राणी खिडकीतून काय डोकावते आहे याची फिकीर करीत नाहीत, त्यामुळे आवरणाचा उपयोग काचेच्या कडेवर लेन्स टेकवण्यापुरताच झाला. त्यासाठी तांदूळ भरलेली पिशवी अधिक बरी.

दुपारी अडीचच्या उन्हात आवरणाचा गडद वरचा भाग हाताला चटका देत होता. आतली लेन्स त्या मानाने थंड होती, कारण निओप्रीन उष्णता चटकन आत जाऊ देत नाही. तासाभराने मात्र नळीही कोमट लागली, आणि एकदा आत शिरलेली उष्णता तितक्याच सावकाश बाहेर पडते. लेन्स तापली की हुडातली हवाही तापून चित्र लवलवते. मार्चनंतर हे आवरण भर दुपारी वापरायचे नाही आणि लेन्सचा पांढरा रंग ज्यासाठी दिला आहे ते काम त्याला करू द्यायचे, असे ठरवले.

रविवार, 9 फेब्रुवारी

तीन महिन्यांनंतर सगळे तुकडे काढून तपासले. फोकसच्या पट्टीवरचा धावदोरा बोटांच्या घर्षणाने दोन ठिकाणी तुटला होता, तो पुन्हा घातला. हिराकसाच्या डागांवर कापड अजून शाबूत आहे. भिगवणच्या धुक्यातून परतल्यावर एकदा आवरण रात्रभर लेन्सवरच राहिले होते, आणि सकाळी ते काढले तेव्हा कॉलरच्या खाचेत ओल सापडली. निओप्रीन स्वतः पाणी पीत नाही, पण नळी आणि आवरण यांच्यामध्ये अडकलेली ओल ते बाहेरही जाऊ देत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागायला एवढे पुरते. आता घरी आल्यावर आवरण आधी उतरवतो आणि लेन्स सिलिका जेल ठेवलेल्या हवाबंद डब्यात जाते. जून ते सप्टेंबर आवरण वेगळ्या पिशवीत राहील.

कागदी नमुने नव्याने कापून पाकिटात घातले आहेत. झूमच्या तुकड्यावर लाल पेनने '3 मिमी कमी, आत ट्यूबची कडी' आणि बटणांच्या तुकड्यावर 'वेल्क्रो नको' असे लिहिले आहे. मित्राला त्याच्या काळ्या लेन्ससाठी असेच आवरण हवे आहे. आत्याने होकार दिला, पण या वेळी दोरा लालच असेल असे तिने आधीच सांगून ठेवले आहे.